घोडा कुणाच्या शब्दावर लावायचा?

नांदेडला रेसकोर्स नाही, लातूरलाही नाही. आपल्याला सगळ्यांत जवळचं मैदान म्हणजे हैदराबादचं मलकपेट. त्यानंतर पुणे आणि मग मुंबईची महालक्ष्मी. तरीही या दोन्ही जिल्ह्यांत रेसचा नाद असलेली माणसं आहेत. त्यांत मोंढ्यातले हमाल-मापाडी आहेत, आडत दुकानांतले मुनीम आहेत, नोकरदार आहेत आणि शिकवणीसाठी खोली करून राहिलेली पोरंही आहेत. मुंबई-पुण्याच्या खेळणाऱ्याला निदान घोडा दिसतो. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये तो फिरवून आणतात, तेव्हा त्याची चाल, त्याचा घाम, कानांची हालचाल पाहता येते. आपल्याकडे घोडा कुठेच दिसत नाही. आपल्यापुढे असतो तो घोड्याचं नाव सांगणारा माणूस, आणि तोही बहुतेक वेळा फोनवर. म्हणून इथल्या वाचकाला घोडा ओळखण्याआधी माणूस ओळखायला शिकावं लागेल.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. शर्यतीचा घोडा हा अभ्यासाचा आणि आनंदाचा विषय आहे, असं मी मनापासून मानते. पण दहापैकी नऊ जणांनी त्यावर पैसे लावू नयेत, असंही माझं ठाम म्हणणं आहे. ज्यांना लावायचेच आहेत, किंवा ज्यांना हा विषय नुसता समजून घ्यायचा आहे, त्यांनी कुणाजवळ बसावं आणि कुणापासून उठून जावं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. मी घोडा लावला तर या माणसाला काय मिळतं? जिंकलो तर नव्हे, नुसता लावला तर. बेकायदा बुकीकडे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला बहुतेक ठिकाणी त्या गिऱ्हाइकाच्या हरण्यातून वाटा मिळतो. म्हणजे तुम्ही जितके हराल तितकं त्याचं बरं चालतं. महिन्याचे पैसे घेऊन टिप विकणाऱ्याला तुमच्या हार-जितीशी देणंघेणं नसतं, त्याला पुढच्या महिन्याचे पैसे हवे असतात. तिसरा माणूस ओळखायला अवघड असतो. तो तुमचा दोस्त असतो आणि त्याला कसलंच कमिशन मिळत नाही. तो स्वतः बराच हरलेला असतो आणि एकट्याने हरण्यापेक्षा सोबतीने हरणं त्याला सोसतं. त्याच्या मनात कपट नसतं, तो जीव लावतो, चहा पाजतो आणि तुम्हाला बुडवतो. या तिघांत मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आता फोनवरच्या टिपचं गणित पाहू. ते एकदा नीट समजलं की आयुष्यभर पुरतं.

समजा एका माणसाकडे ५१२ जणांचे नंबर आहेत आणि शर्यतीत ८ घोडे धावणार आहेत. तो या लोकांचे ६४-६४ चे आठ गट करतो आणि प्रत्येक गटाला वेगळ्या घोड्याचं नाव फुकट कळवतो. शर्यत संपते. कोणता तरी घोडा पहिला येतोच, म्हणजे ६४ जणांना मिळालेली टिप तंतोतंत खरी ठरते. उरलेल्या ४४८ जणांना तो पुन्हा मेसेज करत नाही. पुढच्या शर्यतीसाठी त्या ६४ जणांचे ८-८ चे आठ गट होतात. आता आठ जणांनी लागोपाठ दोन टिपा खऱ्या ठरलेल्या पाहिल्या. तिसऱ्या शर्यतीनंतर एक माणूस उरतो, ज्याच्या डोळ्यांदेखत या गुरूने सलग तीन वेळा बरोबर घोडा सांगितला. हा माणूस बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवायला तयार असतो. गुरूला मात्र घोड्याचं शेपूटसुद्धा माहीत नसतं. त्याने फक्त आघाडीच्या चार घोड्यांचीच नावं वाटली आणि तिन्ही वेळा त्यांतलाच एखादा आला, तर शेवटी एकाऐवजी आठ भक्त हाती लागतात. यात कुठे घोडा पळवला नाही, जॉकी फोडला नाही, खोटं असं काही बोललं गेलं नाही. नुसते नंबर पुरले.

म्हणून सलग खऱ्या ठरलेल्या टिपा हा कसलाच पुरावा नाही. जिंकलेल्या तिकिटाचा फोटोही पुरावा नाही, कारण हरलेल्या तिकिटांचे फोटो कुणी पाठवत नाही. आणि ‘तबेल्यातली खबर आहे’ असं कुणी म्हणालं तर एवढाच विचार करा की खबर खरी असेल तर तो ती तुम्हाला का देईल? टोटवर सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, क्लब आणि सरकार आपला वाटा काढून घेतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. एकाच घोड्यावर जितके जास्त लोक पैसे लावतील, तितकं प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. बुकीसुद्धा पैसा यायला लागला की लगेच भाव पाडतो. खरी खबर असलेला माणूस ती आपल्या सख्ख्या भावालाही सांगायला कचरेल. ती तो शंभर रुपयांत अनोळखी माणसाला विकत नसतो.

हरल्यानंतर ‘रिकव्हरी’ची टिप देतो म्हणणारा भेटला तर नंबर तिथल्या तिथे बंद करा. या सापळ्यात माणसं बुडतात ती पहिल्या हरण्यात नाही, ते हरलेलं भरून काढायच्या घाईत.

कायद्याचंही थोडक्यात सांगायला हवं, कारण टिपवाले ते अर्धवटच सांगतात. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात दिला, हे खरं आहे. पण महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून शर्यतीला मिळालेली सूट बरीच अरुंद आहे. परवाना असलेलं रेसकोर्स, शर्यतीचाच दिवस, मैदानातली ठरवून दिलेली जागा आणि तिथला परवानाधारक बुकमेकर किंवा टोट, असं सगळं जुळलं तरच ती लागू होते. देगलूर नाक्यावरच्या टपरीत किंवा गंजगोलाईच्या बोळात फोनवर घेतलेला सट्टा तिच्यात बसत नाही. शिवाय २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही, आणि अशा खेळांची जाहिरात करणंही गुन्हा ठरवलं आहे.

कराचं ओझंही ध्यानात घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून बेटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या पैशांवर ३० टक्के आयकर आणि वर उपकर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात पन्नास हजार जिंकून साठ हजार हरलात, तरी कर पन्नास हजारांवर भरायचा. बेकायदा बुकी नेमकं हेच दाखवून ओढतो, ‘आपल्याकडे टॅक्स नाही.’ पण त्याने जिंकलेले पैसे बुडवले तर दाद मागायला जागाही नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल असतो.

हे सगळं वाचून आपल्या भागात घोड्याचं शहाणपण नाहीच असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा बाजार लागतो. मारवाडी येतात, काठेवाडी येतात, आपल्या दख्खनची भीमथडी तट्टं येतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही घोडे पाळलेले आहेत, आणि दसऱ्याला व होळीला निघणाऱ्या हल्लाबोलमध्ये त्यांच्यावर स्वार झालेले निहंग शीख पाहायला अख्खं गाव लोटतं. शर्यतीचा थरोब्रेड या घोड्यांहून वेगळा, हे मान्य. पण माळेगावच्या बाजारात सौदा कसा होतो ते एकदा उभं राहून पाहा.

तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर कुणी घोडा घेत नाही. घेणारा आधी तोंड उघडून दात पाहतो. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, त्याच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांच्या घोड्याचे पुढचे सगळे दात पक्के झालेले असतात, त्यामुळे तोवरचं वय सहसा लपवता येत नाही. मग खूर उचलून पाहणं, नाल काढायला लावणं, पायावरून हात फिरवून गरम लागतं का बघणं. मग चालवून, दुडकीवर पळवून, लगेच थांबवून श्वास ऐकणं. भोवरे कुठे आहेत यावरून खोड काढणारेही असतात. त्या समजुतीत तथ्य असो नसो, पण निदान माणूस घोड्याकडे पाहतोय. दलाल मध्ये असतोच, त्याची दलाली दोन्हीकडून ठरलेली असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. म्हणून शहाणा घेणारा सोबत तिसरा माणूस आणतो. तो नालबंद असेल, मोतद्दार असेल, वरातीचे घोडे पाळणारा असेल. या सौद्यातून त्याला काहीच सुटणार नसतं. तो ‘नको’ म्हणाला तर सौदा मोडतो. रेसच्या नादात पडलेल्या माणसाला गुरू शोधायचा असेल तर तो या तिसऱ्या माणसासारखा हवा. डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या घोड्यावर आपण विकणाऱ्याचं ऐकत नाही, आणि मलकपेटला धावणाऱ्या, कधी न पाहिलेल्या घोड्यावर मात्र विकणाऱ्याचंच ऐकतो.

असा माणूस ओळखायचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे तो शर्यतीआधी लिहितो. शर्यत झाल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणारे चौकाचौकात भेटतात. वही काढून, शर्यतीच्या आधी कोणता घोडा आणि का, हे लिहिलेलं दाखवणारा क्वचित. त्या वहीत हरलेल्या ओळी जिंकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार, आणि त्या खोडलेल्या नसतील. तसं नसेल तर ती वही खोटी आहे.

दुसरं, त्याला भावाचं गणित येतं. चार घोड्यांच्या शर्यतीत बुकमेकरने पहिल्याला एकास एक, दुसऱ्याला एकास दोन, तिसऱ्याला एकास तीन आणि चौथ्याला एकास चार असा भाव दिला, तर तो तुम्हाला वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवेल. कोणताही घोडा आला तरी हातात १०० रुपये परत यावेत म्हणून पहिल्यावर ५० लावावे लागतात, दुसऱ्यावर ३३, तिसऱ्यावर २५ आणि चौथ्यावर २०. बेरीज १२८ होते. म्हणजे १०० घेण्यासाठी १२८ द्यायचे, आणि कर वेगळाच. हे वरचे २८ बुकमेकरचे. जो माणूस तुम्हाला हे सांगत नाही, त्याला एकतर हे माहीत नाही किंवा तुम्हाला कळू नये असं वाटतं. दोन्ही बाबतींत त्याच्याकडे शिकण्यासारखं काही नाही.

तिसरं, तो घोड्याबद्दल बोलतो. हँडिकॅपच्या शर्यतीत ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त, त्यामुळे सगळ्यांत चांगला घोडाच जिंकेल असं नसतं. १००० मीटरला वाऱ्यासारखा सुटणारा घोडा २००० मीटरला दमतो. पुण्याचा मोसम पावसाळ्यातला, तेव्हा ओल्या गवतावर काही घोड्यांचे पाय चालत नाहीत. इंडियन डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते, २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. ज्या घोड्याने तोवर कधी १६०० च्या पुढे धाव घेतलेली नाही, त्याच्याबद्दल कुणीही खात्रीने बोलू नये. पांडू खाडे, वसंत शिंदे, पेसी श्रॉफ हे जॉकी कशी शर्यत काढायचे, सुरुवातीला घोडा राखून शेवटच्या वळणानंतर कसा सोडायचे, अशा गोष्टी तो रंगून सांगतो. पैशांचा विषय त्याच्या बोलण्यात शेवटी येतो, कधी कधी येतच नाही.

आणि चौथी खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. तो तुमच्या घरचं विचारतो. पगार किती, कर्ज किती, पोराची फी भरली का, सोयाबीनची पट्टी आली ती कशासाठी ठेवली आहे. ही चौकशी करून तो ‘तू खेळू नको’ असं सांगू शकतो. असं एकदाही न म्हणणारा माणूस गुरू नव्हे. तो गिऱ्हाईक सांभाळतोय.

अशी माणसं कुठे भेटतात? पुणे-मुंबईच्या तबेल्यांत सईस म्हणून आयुष्य काढून गावी परतलेला एखादा म्हातारा, माळेगावला वर्षानुवर्षं घोडे घेऊन येणारी घराणी, वरातीचे घोडेवाले. घोड्याच्या शरीराबद्दल विचारायचं असेल तर लातूर जिल्ह्यातच उदगीरला आणि शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथले डॉक्टर टिप देणार नाहीत, पण स्नायूबंध दुखावलेला घोडा किती महिने मागे पडतो, हे सांगतील. ते ज्ञान कुठल्याही टिपपेक्षा जास्त टिकतं.

एकट्याने शिकण्यापेक्षा चार-पाच जणांचा गट करा. पण त्याला एक नियम कडक ठेवा, गटात पैसा फिरणार नाही. एकत्र पैसे जमवून घोडा लावायचा नाही, एकमेकांना उसने द्यायचे नाहीत, कुणी कुणासाठी बेट लावायची नाही. भिशी मोडल्यावर गावात काय होतं ते आपण पाहिलं आहे, आणि इथे तर हरणं ठरलेलंच आहे. गटाचं काम एवढंच की एक पूर्ण मोसम, मलकपेटचा किंवा पुण्याचा, कागदावर खेळायचा. शर्यतीचं कार्ड घ्यायचं, प्रत्येकाने आपला घोडा आणि त्याचं कारण आधी लिहायचं, कल्पनेतले १०० रुपये लावायचे, निकाल लागल्यावर कर धरून हिशेब मांडायचा. मोसम संपल्यावर बेरीज करा. बहुतेकांच्या वहीत कागदावरचे पैसेही संपलेले असतील. हे स्वतःच्या अक्षरात पाहिलेलं कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पटतं. मधूनच जो म्हणेल ‘कागदावर कशाला, थोडे खरे लावू’, त्याच्यावर गटाने लक्ष ठेवावं, त्याला झिडकारू नये.

मोसमात एकदा सगळे मिळून मैदानावर जा. नांदेडहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी हैदराबाद. मलकपेटचं मैदान १८८६ पासूनचं, निजाम महबूब अली खान यांच्या काळातलं, आणि आपले दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते. तिकीट काढा, पॅडॉकच्या कठड्याला उभे राहा, कार्डावरचं नाव आणि समोरचा घोडा ताडून पाहा. खर्चायचे पैसे घरून मोजून न्या, कार्ड आणि फोन गटातल्या खेळात रस नसलेल्या माणसाजवळ ठेवा. ज्यांनी आधी कधी पैसे हरून लपवले आहेत, त्यांनी मात्र मैदानावरही जाऊ नये. त्यांच्यासाठी माळेगावचा बाजार आणि वही पुरेशी आहे.

आणि ज्याचं बिघडलं आहे त्याच्यासाठी. लपवून खेळणं, हरलेलं भरून काढायला पुन्हा खेळणं, घरी खोटं बोलून पैसे आणणं, झोप उडणं, ही आजाराची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार होतात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून फुकट बोलता येतं. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून जाता येतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा, कारण उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

घरच्यांना एक सांगणं आहे. मुलाने सट्ट्यात कर्ज केलं म्हणून बुकीची माणसं दारात आली, तर अब्रूच्या भीतीने शेत विकून ते भागवू नका. पैजेतलं देणं कोर्टात वसूल करता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे धमकीशिवाय दुसरं हत्यार नाही. धमकीची तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेतले असतील तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. सही केलेले कोरे चेक, स्टँप पेपर, गहाण ठेवलेला सातबारा, जे काही दिलं असेल त्याची तारखेसह यादी करून अर्जाला जोडा. ही यादी मुलाला सोबत बसवून, न रागावता, एकाच बैठकीत लिहून काढा. रागावलात तर एखादं कर्ज तो सांगायचं टाळेल, आणि राहिलेल्या त्या एका कर्जापायी तो पुन्हा खेळायला जाईल.